कंपनीकडे ठेवलेले पूर्वज

१२ फेब्रुवारी, सकाळ
कंपनीचा मेल. वंशावळीचं ॲप ३१ मार्चला बंद. ‘या सुंदर प्रवासात सोबत केल्याबद्दल आभार.’ सहा वर्षांत ही तिसरी कंपनी. आधी फोटोवाली गेली, मग दुकानाच्या याद्या ठेवणारी. घाबरायचं कारण नाही. नारिनच्या बाजारात ट्रकचे सुटे भाग विकून वर आलोय. गिअर बिघडलाय का, हे नुसत्या आवाजावरून सांगतो. ४७ दिवस आहेत. शनिवारी सगळं उतरवून घेणार.

१९ फेब्रुवारी
शनिवारी कुस्त्या होत्या.
आमच्या पोरीचं, जिपारचं लग्न जमतंय. मुलगा कोचकोर गावचा, नाव ऐदारकेन. पोरांनी आधीच ठरवलंय, आम्हाला फक्त कळवलं. २ एप्रिलला ते लोक तिच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायला येणार. त्याआधी दोन्हीकडच्या सात पिढ्या म्हणून दाखवायच्या. एक नाव जुळलं तर दोघं भाऊबहीण, लग्न नाही. बायकोनं विचारलं, पाठ आहेत ना? मी फोन दाखवला. म्हणाली, सोयरीक फोनशी करायची आहे का? तिला तंत्रज्ञान समजत नाही.

५ मार्च
उतरवलं. अकरा पिढ्या, एक फाइल. उगाच लोक घाबरतात.

६ मार्च
फाइल फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडते, आणि पुढच्या महिन्यात ॲपच नसणार. मदत केंद्राला लिहिलं. तिथल्या कुणा सोफीबाईंचं दोन सेकंदांत उत्तर: तुमची अडचण आम्ही समजू शकतो. फार समजूतदार. तिसऱ्यांदा तेच उत्तर आल्यावर जिपार म्हणाली, ती बाई नाही, यंत्र आहे. मला शंका होतीच.

२२ मार्च
काल नवरोजला भाऊबंद जमले. सहज चाचपून पाहिलं. कुणाला तीन पिढ्या येतात, कुणाला चार. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्हीच सांगितलं होतंत ना, आता कुणी पाठ करत बसू नका, सगळं माझ्याकडे आहे?”
सांगितलं होतं खरं. भाषण चांगलं झालं होतं. पिढ्यांची जुनी वही सगळ्यांदेखत चुलीत टाकली होती. टाळ्याही पडल्या होत्या.
निश्चय: शेवटच्या दिवशी निवांत बसून हातानं लिहून काढायचं.

३१ मार्च, संध्याकाळ
दुकान बंद ठेवलं. नवी वही, दोन रंगांची पेनं. मूळ पुरुषापासून सुरुवात, फांद्या-उपफांद्यांसकट. जिपार दोनदा येऊन सांगून गेली की आधी आपली सात नावं लिहा. मी म्हटलं, झाड मुळापासून लावतात. पाच वाजता फोनचा पडदा पांढरा. कंपनी न्यूझीलंडची; त्यांची एक तारीख तेव्हाच सुरू झाली म्हणे. हे मेलमध्ये लिहायला नको?
तीनशे वर्षांपूर्वीची १३२ माणसं सुवाच्य अक्षरात मिळाली. माझ्या खापरपणजोबांचा बाप मिळाला नाही.

२ एप्रिल
पाहुणे आले. मुलाच्या आजोबांनी सात नावं एका दमात म्हटली. मग माझी पाळी. कचकिनबाय, तिनाय, बैशे, कुलबाय. खोकलो. कुलबाय पुन्हा म्हटलं. कंपनीचं सगळं सांगितलं, न्यूझीलंडसकट. म्हातारा म्हणाला, “नातं आहे असं मी म्हणत नाही. पण नाही, हे कोण सांगणार?”
डूल रुमालात परत बांधले गेले. जेवून मात्र गेले. माणसं चांगली आहेत. बोलणी थांबलेली नाहीत, असं माझं मत.
जिपार जेवली नाही.

५ एप्रिल
जिपारच मला गाडीत घालून गावच्या कबरस्तानात घेऊन गेली. बर्फ वितळलेला, बूट चिखलात रुतत होते. कुलबायच्या दगडावर ‘सातिबाल्दीचा मुलगा’ असं कोरलंय. पाचवं नाव! तिनं तळहातावर लिहून घेतलं. त्याच्यामागे नुसते मातीचे उंचवटे. नाव नाही, दगड नाही. ती एकेका उंचवट्यापाशी वाकून बघत शेवटपर्यंत जाऊन आली.
“बाबा, आजोबांनी तुम्हाला लहानपणी शिकवलं असेल ना? आठवा ना जरा.”
मी खिशातून फोन काढला, हात उंच करून पाहिला. म्हटलं, इथे रेंज नाही.