चौकातला पुतळा उतरवताना

प्रिय भांडकुदळ पोरी,

परवा नगरपालिकेच्या जाहीर सभेत तुझी बाजू जिंकली. चौकातला गिरणीमालक येत्या गुरुवारी उतरणार. पुतळा उतरवायचा अर्ज तुझा आणि तूच तिथं नव्हतीस, म्हणून कळवतोय. तुझ्या बाजूनं मी हात वर केला, तर शेजारच्या शिंपीकाकांनी तो धरून खाली ओढला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली आणि हात चुकून वर गेला.

पाच वर्षांपूर्वी याच सभागृहात मी तुला काय काय बोललो, ते तू विसरली नसशीलच. मालकानं गावाला पाणी दिलं, दवाखाना दिला, आणि दोन बुकं शिकून तुला उपकारांची जाण राहिली नाही, असं चारचौघांत बोललो. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, त्यानं गिरणीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं होतं. आत एकोणीस बाया जळाल्या." मी आवाज चढवला. तू बॅग भरलीस. तेव्हापासून ओतकामाच्या भट्टीवर काम करताना दार वाजलं की मी हातातलं टाकून वळतो. असतो तो कोळसेवाला. फार आठवण येते गं.

खरं सांगू, तुझं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं. अर्जातली त्या बायांची नावं मला पाठ आहेत. चौथऱ्यावर आता तीच लागणार आहेत, अक्षरं मी ओततोय.

मग आडवा का आलो? तो पुतळा घडवताना मला मालकाचा एकच फोटो मिळाला होता, छातीपर्यंतचा. हात कुठून आणायचे? तुझ्या आईचे घेतले. ओल्या प्लास्टरमध्ये मनगटापर्यंत हात घालून बसली होती बिचारी, हसू दाबत. लोक म्हणायचे, एवढा धिप्पाड गडी आणि हात बघा कसे नाजूक. ती गेल्यावर मी रोज सकाळी पुतळा पुसायला जायचो, त्याला तू मालकभक्ती म्हणायचीस. मीही म्हणू दिलं. भर सभेत बायकोचे हात मागायची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तुला घालवून बसलो. गुरुवारी बाकीचं धड वितळायला जाईल. हात कापून घ्यायची परवानगी मी मिळवली आहे. करवत मी चालवेन, पण समोरून ते कुणालातरी धरावे लागतात. परक्या माणसाला मी ते धरू देणार नाही. ये.

तुझाच,
बाबा