दर रविवारचं उड्डाण

रविवार, २० जुलै. नांदेड

काल सीए मॅडमनी माझ्या ड्रोनच्या उड्डाणांची नोंद बिलांशी ताडून पाहिली. लग्नं, शेतमोजणी, सगळं जुळलं. "पण ही दर रविवारची मुखेडची उड्डाणं कुणाच्या कामाची?" त्यांनी विचारलं. "सराव करतो," मी बोलून गेलो. सराव म्हणजे धंद्याचाच भाग, म्हणून त्यांनी बॅटऱ्यांचा सगळा खर्च वजावटीत धरला.

सराव कसला? तिथं मी वडिलांसाठी उडवतो. मास्तर असताना अण्णांनी शाळेच्या मैदानात झाडं लावली, आता गुडघ्यांमुळं तिथवर जाणं होत नाही. मग अंगणात बाजेवर बसून ते ती झाडं रिमोटच्या पडद्यावर बघतात. हे घरचंच काम झालं ना? सरळ तसं सांगायला काय जात होतं? कालपासून तो 'सराव' डोक्यातून जाईना.

आज ड्रोन वर गेल्यावर विचारलं, "अण्णा, चिंचेची पालवी बघितली का?"

"एवढं बारीक मला कुठं दिसतंय? नुसतं हिरवं हिरवं."

"मग दर रविवारी बसता कशाला?"

"तू सराव करून राहिलास म्हणून. शिकणाऱ्याच्या पुढ्यात कुणीतरी बसावं लागतं."

मी ड्रोन खाली उतरवला.

परत येताना ठरवलं, मॅडमना खरं सांगायचं आणि पुढच्या रविवारी ड्रोन न्यायचाच नाही. घरी आल्यापासून मात्र वेगळाच घोर लागलाय. ड्रोन नसला तर आम्ही दोघं बोलणार कशावर?