सम-विषमाचा निवाडा

३ फेब्रुवारी

आला एकदाचा प्रबंध! दोनशे दहा पानं, निळं कव्हर. परीक्षक मी. लेखक कोण, तर शाळेत गणित शिकवणारा मास्तर, वय एकेचाळीस. विषय — पूर्णांकांची अदलाबदल. माझा विषय! बावीस वर्षं यात माझा शब्द शेवटचा मानतात, आणि हा गृहस्थ निघाला मला शहाणपण शिकवायला.

४ फेब्रुवारी

मास्तरांचं म्हणणं असं: सारख्या अंतरावरच्या पूर्णांकांच्या दोन रांगा घ्या, त्यांची आपसांत अदलाबदल करा. अशा सगळ्या अदलाबदलींतून जो अनंत गट तयार होतो तो 'साधा' — म्हणजे त्यातून छोटा गट फोडून वेगळा काढता येत नाही. थापा! माझ्या निबंधात मी केव्हाच काढून दाखवलाय. सम वेळा अदलाबदल केलेले एकीकडे, विषम वेळा केलेले दुसरीकडे. झाला अर्धा वेगळा! एवढं कळत नाही, आणि म्हणे डॉक्टर व्हायचंय.

५ फेब्रुवारी

विभागप्रमुखांचा फोन. "मॅडम, जरा सांभाळून घ्या. सात वर्षं शाळेची नोकरी करून लिहिलंय हो त्यानं." मग? घामाचे गुण कधीपासून द्यायला लागलो आपण? या प्रमुखानं स्वतः दहा वर्षांत एक प्रमेय सिद्ध केलेलं नाही, आणि वशिले लावतोय दुसऱ्यांसाठी.

नापासच करणार.

६ फेब्रुवारी

ह्यांनी चहा पिता पिता माझा अहवाल वाचला. "अगं, किती झोडपतेस! कुठे चुकलं ते तरी सांग बिचाऱ्याला." बरं, सांगते. दुसरीतल्या पोराला कळेल असं, आकडे घालून उदाहरण देते. मास्तरांना झेपेल तेवढं.

७ फेब्रुवारी

उदाहरण लिहायला बसले. सगळ्या समांची विषमांशी अदलाबदल. शून्य-एक, दोन-तीन, चार-पाच, असंच पुढे, दोन्ही दिशांना. ही एक अदलाबदल. म्हणजे विषम.

आणि पेन थांबलं. यातल्या एकाआड एक जोड्या आधी बदलल्या — शून्य-एक, चार-पाच, आठ-नऊ — आणि उरलेल्या नंतर, तर? शेवटी हाती येतं तेच. पण अदलाबदली झाल्या दोन. म्हणजे सम!

एकच गोष्ट समही आणि विषमही? तीनदा तपासलं. प्रत्येक अदलाबदलीच्या अशाच दोन करता येतात. माझा तो 'अर्धा गट' म्हणजे अख्खा गटच. मास्तर बरोबर आहे.

बावीस वर्षांत एकदाही आकडे घालून पाहिले नाहीत मी. कमीपणा वाटायचा ना! इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. ह्यांनी जेवायला हाक मारली, गेले नाही.

८ फेब्रुवारी

प्रमुखांना कळवलं — प्रबंध मान्य, माझा निबंध चूक.

नऊ वर्षांपूर्वी एका मुलीला मी याच मुद्द्यावर नापास केलं होतं. "गणित तुमचं काम नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. तिनं गणित सोडलं, एवढं कानावर आलं होतं. सकाळपासून तिचं नाव आठवून पाहतेय. आठवत नाही.