कुणाची हरकत आहे का?

४ फेब्रुवारी
छापून आलं! आठवड्याच्या पेपरात, पान अकरा. ‘डेलिया क्रोवी, राहणार स्टॅन्ली, यांनी फॉकलंडवासी दर्जासाठी अर्ज केला आहे. हरकत असल्यास एकवीस दिवसांत लेखी कळवावे.’ म्हणजे अख्ख्या गावाला विचारलंय — ही बाई नको असेल तर बोला!

जन्म सेंट हेलेना बेटाचा. पासपोर्टवर ब्रिटनचा मुकुट तोच, तरी इथे फॉकलंडवर मी कामाच्या परवान्यावर. परवाना कँटीनच्या नोकरीला बांधलेला, आणि कँटीन मार्चअखेर बंद होतंय. दर्जा मिळाला तर कायमचं राहायचं, मत द्यायचं, निवडणुकीलाही उभं राहता येतं; नाहीतर बॅग भरायची. साडेआठ वर्षांनी!

११ फेब्रुवारी
दिवसभर वारा. दिवसभर मटण कापलं.

२६ फेब्रुवारी
हरकत आली. एकच. अर्ज बघणारे प्रेस्टनसाहेब नाव सांगेनात, पण वाचून दाखवलं — ‘ती इथली नाही. पगारापुरती राहते. पैसे साठले की जाईल.’ आता दर्जा ठरवणाऱ्या मंडळापुढे जायचंय. “तुमच्या बाजूने कुणी बोलणारं आहे?” म्हणाले.

घरमालकीण ऑड्रीबाईंना सांगितलं. ऐंशीच्या आहेत, जीभ तिखट. “बरं झालं,” म्हणाल्या, “तुझ्या करीच्या वासातून सुटेन.” आणि दार लावून घेतलं. रडले.

९ मार्च
हे सगळं लिहून ठेवायलाच हवं.

पाच जण टेबलामागे. मधल्याने विचारलं, “तुमचं घर कुठे?” पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, “गेल्या वर्षी आई वारली म्हणून सेंट हेलेनाला गेले होते. बहिणी म्हणाल्या, राहा आता. पण माझे बटाटे काढायचे होते. इथे, मागच्या वाफ्यात. म्हणून परत आले.” एक बाई हसल्या. मी नाही हसले. “पगारासाठी आले होते, ते खरंय. बटाटे कुणी पगारासाठी लावत नाही.”

तेवढ्यात दार उघडलं. काठी टेकत ऑड्रीबाई! प्रेस्टनसाहेब पुढे धावले, “बाई, तुमचं नाव यादीत नाही —”

“माझं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा माझी मुलंपण यादीत नव्हती! इंग्लंडातून फुलं पाठवली त्यांनी. या पोरीने चार महिने मला उचलून अंघोळ घातली. छदाम घेतला नाही. हरकत कुणाची आहे? येऊ दे की समोर!”

कुणी आलं नाही.

बाहेर आल्यावर मी हात धरला, तर झिडकारला. “रडू नकोस. करी कर आज. तिखट.”

२० मार्च
मिळाला! मिळाला! मिळाला! कुणाची हरकत होती, कळलं नाही. विचारणारही नाही. कँटीनमधल्या सगळ्यांनी दहाच्या चहाला मला टेबलावर उभं केलं. तिथून समुद्र दिसतो, हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

६ ऑक्टोबर
बेटांच्या विधानसभेची निवडणूक आलीये. निवडणूक कचेरीत गेले. कारकून पोरगी म्हणाली, “मतदार यादीत नाव बघायचंय ना, मावशी?”

“नाही,” म्हटलं. “उमेदवारीचा अर्ज दे.”