दुखायच्या आधीचं औषध

तारीख ३, मंगळवार

आज नर्स आली घरी, यांना बघायला. पोटातली गाठ पसरली, कापून उपयोग नाही म्हणून मोठ्या दवाखान्याने हात वर केले, तेव्हा सूनबाईने हिला शोधून काढलं. मला वाटलं आता सुया, नळ्या, सलाईन. तर बाई खुर्ची ओढून बसली आणि चहा मागितला! पथ्य बंद केलं. रक्तदाबाची गोळीपण बंद. मी विचारलं, डॉक्टर कुठाय? तर म्हणे डॉक्टरांशी फोनवर बोलते, बाकी सगळं मीच बघते. दुखण्याचं औषध मात्र दिलं, बाटलीतलं. दुपारीही द्यायचं, न चुकता.

मग यांना विचारते, "आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

हे कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस. यांनी माझ्याकडे बघितलं. "जरा आत बघ गं, दूध उतू जातंय."

दूध गॅसवर नव्हतंच. परत आले तर बाई वही मिटून पिशवीत टाकत होती. लग्नापासून माझ्यापासून लपवलेली ही पहिली गोष्ट — निदान मला ठाऊक असलेली तरी.

तारीख ४, बुधवार

विचारलं, काय मागितलंत? "तुला कशाला नसत्या चौकशा." मला झोप नाही.

तारीख ७, शनिवार

गुण आला! आज उठून बसले. बसल्याबसल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट — "ते दार अजून घासतंय. रंधा मारायला हवा." सुतार माणूस. जन्मभर लोकांची दारं सरळ केली आणि घरचं दार आपलं कुरकुरतंय. मी खूश. सुनेला म्हटलं, बघ, काय सांगत होते मी? ती "हो आई" म्हणाली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

दुपारचं औषध मी देत नाही. दुखत नाही तर कशाला? भारी औषध, पुरवून वापरावं. उद्या जास्त दुखलं तर हाताशी असलेलं बरं.

तारीख १०, मंगळवार

सिस्टरने बाटली उजेडात धरली. "आजी, ही एवढी भरलेली कशी?"

मी ऐटीत सांगितलं. शाबासकी देईल वाटलं. तर ती यांच्याकडे वळली. "आजोबा, संध्याकाळी दुखतं का?"

"थोडं." माझ्याकडे न बघता म्हणाले.

यांचं थोडं मला माहीत आहे. पटाशीने अंगठा फाटून हाड दिसलं होतं, तेव्हाही थोडंच होतं.

सिस्टर रागावली नाही. "आजी, हे ठेवणीतलं नाही हो. दुखायच्या आधीच द्यायचं. संपलं तर मी आणीन."

आता काय म्हणावं? भूक लागायच्या आधी जेवतं का कुणी? म्हटलं, पण बरे होतायत ना, शनिवारी बसले की उठून! तिने माझा हात धरला. "दुखत नव्हतं म्हणून बसले. बरे नाही होणार, आजी. दुखू द्यायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे."

बरे होणार नाहीत, पण बरं वाटतंय. दोन्ही खरं कसं असेल? चौथीपर्यंतच्या शाळेत हे शिकवलं नाही.

तारीख ११, बुधवार

दुपारचं दिलं. संध्याकाळी हे शीळ घालत होते.

तारीख १७, मंगळवार

सिस्टरने आणि सुनेने खाट मागच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. आता मी ओट्याशी, हे समोर. मी विचारलं, "हेच मागितलं होतंत का?"

"नाही. इथे तर तुझी बडबड जास्तच ऐकू येते."

सिस्टर हसली. मग मी शेजारणीच्या मांजरीचं सांगायला घेतलं, त्यावरून तिच्या भावाचं, त्यावरून माझ्या वडिलांची सायकल विहिरीत पडली ते. यांनी विचारलं, "मग काढली कशी?" आणि मी सांगेपर्यंत डोळा लागला. राहिलंच ते.

तारीख २४, मंगळवार

खात नाहीत. आग्रह करू नका म्हणते सिस्टर. मला हे जमत नाही, उपाशी माणसासमोर नुसतं बसणं. औषधाचे थेंब तेवढे मी जिभेखाली सोडते. बोलत राहा म्हणाली, ऐकू जातं. मी काय, बोलतेच.

तारीख २७, शुक्रवार

हे गेले. सकाळी. कपाळावर आठी नव्हती.

तारीख १, मंगळवार

सिस्टर आली. म्हटलं, बाई, सवयीने आलीस वाटतं, आता कोण आहे बघायला? ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "आजोबांनी पहिल्या दिवशीच मागून ठेवलंय. मी गेल्यावरही मंगळवारी येत जा म्हणाले. ती फार लांबण लावते, पण मधे तोडू नका."

मग म्हणाली, "हं आजी, सायकल काढली कशी?"

मी चहा ठेवला.