दोनशेचं वजन

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून एका वेळचं जेवण तीनशे ग्रॅम! साडेतीनशेवर चार महिने काढले. आता पुढची पायरी. एका पारड्यात दोनशेचं वजन आणि शंभराचं. दुसऱ्यात डाळ, उकडलेली भाजी, पावाचा तुकडा. काटा मधोमध आला की बसायचं.

बायको असती तर म्हणाली असती, पायरी चढताय की उतरताय?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भूक. दुसरं लिहिण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाजारात तपासणी. सतरा दुकानं, तीन वजनं जप्त. दुकानात शिरलो की मी आधी वजन उचलून उलटं करतो. काटा बघतो नंतर. लबाडी बुडाशी असते — कुणी शिसं खरवडतं, कुणी भोक पाडून वर रंग फासतं. एकतीस वर्षं लोकांच्या वजनांची बुडं बघण्यात गेली. बाजारात मला नावच पडलंय, उलटेसाहेब.

कॅन्टीनमध्ये डबा उघडला तर समोरचे दोघं हळूच उठून पलीकडे गेले. चूक माझीच. मागे एकदा हेडक्लार्कच्या ताटाकडे बघून बोलून गेलो होतो — नऊशे कॅलरी, वर केक वेगळा. त्या माणसाच्या मुलीचा वाढदिवस होता! तेव्हापासून माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. खरं तर बरंच आहे, जेवण चावून चावून खाता येतं. (नाही. बरं नाही.)

रविवार, ९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. दर रविवारी अकराला. बाबा, जेवलात का? — अगं, अकराला कोण जेवतं? मग तिकडून मिक्सरचा आवाज. मग ठेवते हं.

तिला सांगायचं होतं की हे खूळ मी तिच्या आईसाठी सुरू केलं. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, दादा एकोणसाठाव्या. दोघंही खाता खाता, चांगले धष्टपुष्ट. पंचावन्न पूर्ण झाली त्या दिवशी मी हिला म्हटलं, मी तसा जाणार नाही, तुला मागे एकटीला टाकणार नाही. कमी खाणारा जास्त जगतो असं वाचलं होतं. ती हसली. शंभर वर्षं जगून करणार काय, म्हणाली, आणि ऑफिसातला मोडीत निघालेला काटा चार वजनांसकट मी घरी आणला तेव्हा पुसून ओट्यावर ठेवला तिनेच.

सप्टेंबरात ती गेली. तापाचं निमित्त, पाच दिवस. तिने आयुष्यात एक घास मोजला नव्हता.

आता मी अठ्ठावन्न पूर्ण. नव्वदपर्यंत जगेन बहुतेक. कुणासाठी, ते आता विचारायचं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एक गोष्ट कळत नाही. ती असताना मी पाचशेवरून साडेचारशेवर आलो, मग चारशेवर. जरा म्हणून त्रास झाला नाही! अंगावरचं मांसही हललं नाही. मी सगळ्यांना ऐकवायचो — शरीराला वळण लावावं लागतं, मनाचा निग्रह लागतो. हिला तर रोज ऐकवायचो. वजनं पारड्यात तीच ठेवायची, तीच वाढायची, आणि मान डोलवायची. हो हो, निग्रह.

मग आता कुठे गेला निग्रह? सकाळी दहालाच पोटात कावळे ओरडतात. दोन स्वेटर घालूनही हातपाय गार. वय झालं असेल. किंवा एकट्याने जेवलेलं अंगी लागत नसेल.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सप्टेंबरपासून नऊ किलो उतरलो! शेवटी गुण आला. सांगायला कुणी नव्हतं म्हणून जिन्यात शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवलंत का?

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज लाज गेली. किराणा दुकानात पाच किलोचं वजन उलटं करायला वाकलो आणि मीच उलटा झालो. डोळे उघडले तर दुकानदार साखरेचं पाणी पाजतोय. ज्याला मागच्या वर्षी दंड केला तोच! पहिला विचार काय आला? — दोन चमचे साखर, चाळीस कॅलरी. स्वतःचीच किळस आली.

काटे दुरुस्त करणारे मिस्त्री तिथेच होते. त्यांचं लायसन दरवर्षी माझ्या सहीने निघतं, वीस वर्षांची ओळख. रिक्षात घालून घरी सोडलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

रजा. दुपारी मिस्त्री आले, पाव आणि फळं घेऊन. घरात माणसाचा आवाज ऐकून बरं वाटलं. ओट्यावरच्या वजनांकडे बघत बसले. मग विचारलं, वहिनी गेल्यावर किती कमी केलंत? चारशेचं तीनशे, म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

जाताना दोनशेचं वजन उचललं आणि उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, हे उद्या ऑफिसच्या काट्यावर ठेवून बघा. मग काय करायचं ते करा माझं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दोनशेचं वजन — अडीचशे भरलं.

तीनदा ठेवलं. अडीचशेच. बाकीची तीनही तशीच, चौथ्या हिश्शाने जड. बुडाला शिशाच्या पातळ चकत्या, एकावर एक दोन, वर काळा रंग. सफाईदार काम. मी जगाची वजनं उलटी करत हिंडलो आणि घरातलं एकदाही उचलून बघितलं नाही.

तडक मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि सगळं सांगितलं. मी साडेचारशेवर आलो त्याच आठवड्यात ती ही चारही वजनं पिशवीत घालून त्यांच्या दुकानात गेली होती. चारशेवर आलो तेव्हा पुन्हा. किती जड करायची तो हिशेब तिने घरूनच करून नेला होता, पाठकोऱ्या कागदावर.

म्हणजे ती असेपर्यंत मी रोज पाचशेच जेवत होतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. माझा निग्रह!

आणि ती गेल्यावर मी कमी करत गेलो, तेव्हा मला खरीच भूक लागली. जवळजवळ पाच महिने, आयुष्यात पहिल्यांदा.

मिस्त्रींना म्हटलं, अहो, लायसन गेलं असतं तुमचं. सापडला असतात तर?

"वहिनींना तेच विचारलं," ते म्हणाले. "त्या म्हणाल्या, ते सगळ्यांची वजनं उलटी करून बघतात. मी ठेवलेलं नाही बघायचे."

रस्त्यात रडलो. भर बाजारात, ओळखीच्या दुकानांसमोर. मी एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाला कमी देणारी वजनंच पकडली. जास्त देणारं वजन असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

खोटं वजन जप्त करून फोडायचं असतं. ही चारही धुऊन पुसून ओट्यावर ठेवली. चारशे लावलं, तिचं चारशे, आणि सगळं संपवलं.

पण मी माझा स्वभाव ओळखून आहे. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा कमी करावंसं वाटेल. म्हणून संध्याकाळी मिस्त्रींना घराची दुसरी किल्ली नेऊन दिली, तिची होती ती. किल्ली त्यांनी शिशाच्या चकत्यांच्या डब्यात ठेवली.