कोकराच्या कानात सांगितलेलं नाव

डॉक्टरसाहेब, आज दवाखान्यापुढून मेंढरं गेली आणि केजमधली ती दुपार पुन्हा डोळ्यांपुढे तरंगायला लागली. मी नुकताच तुमच्या हाताखाली आलो होतो. साप चावलेल्या त्या धनगर बाईला आपण वाचवू शकलो नव्हतो. बाहेर लिंबाखाली तिचा नवरा बसला होता आणि भोवती त्याची मेंढरं, धुळीच्या पिवळ्या उजेडात, ढग खाली उतरून बसावेत तशी.

मी कागद घेऊन त्याच्यापुढे उभा आहे. निजामाच्या सरकारी कागदाचे उर्दूतले रकाने भरायचेत: नाव, वय, मरणाचं कारण. "बाईचं नाव सांगा," मी पुन्हा पुन्हा म्हणतो. तो नुसता खाली बघतो. बायकोचं नाव तो कधी तोंडानं घेत नाही, हे माझ्या ध्यानातच येत नाही. माझा आवाज चढतो. तेवढ्यात तुम्ही मागून येता. "कशापायी वरडतोस? लेखणी ठेव खाली." आणि तुम्ही सरळ मातीत त्याच्या शेजारी बसता. "मला नको सांगू, बाबा. त्या कोकराला सांग." त्यानं कोकरू उचललं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि किती हळू ते नाव घेतलं! वय विचारलं तर म्हणाला, "लगीन झालं तवा माज्या खांद्याला लागायची, साहेब." तुम्ही कानावर आलेलं नाव आणि अंदाजानं आकडा लिहिलात.

साप चावून मेलेल्याच्या कागदावर पोलीस अमीनांचा, म्हणजे फौजदाराचा, शिक्का लागायचा, त्याशिवाय प्रेत हलवायचं नाही. अमीन तर गावोगाव फिरतीवर. परतायचा भरवसा नव्हता. "मग हितंच ठिवू का हिला? ह्या उन्हात?" त्यानं विचारलं. तुम्ही कागदावर सही केलीत. "ने तिला. माती दे. जाब मी देईन."

तो जाब बीडच्या कचेरीतून मागितला जात राहिला. शेवटी तुमची बदली झाली, निजामाच्या मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला. बैलगाडीत बसताना मी विचारलं, पस्तावा होतो का. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "लई ऊन होतं रे त्या दिवशी."

तिकडेच तुम्ही वारलात. तुमच्या मरणाचा कागद कुणी लिहिला, मला ठाऊक नाही. हे पत्र कुठे धाडू? राहू दे माझ्यापाशी. एक मात्र सांगतो: बातमी आली तेव्हा रडू फुटायच्या आधी, तो कागद माझ्यापुढे आला नाही, तुमचं नाव मला लिहावं लागलं नाही, याचंच मला बरं वाटलं होतं.